बत्तिसावं नाव

दीनानाथांनी हजेरीपटावर ऊर्जाचं नाव घातलं ते मंगळवारी दुपारी, आणि ऊर्जाला ताप भरला बुधवारी सकाळी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, असं लतिका तेव्हापासून स्वतःला तासातासाला बजावत होती. आता जी गोष्ट तासातासाला बजावावी लागते ती कितपत पटलेली असते, हे काय सांगायला हवं?

झालं होतं ते असं. जर्मनीत गेर्लिंगेनच्या पुढे, टेकडीपलीकडे त्यांचं गाव. गावात सव्वाशे वर्षांची दगडी शाळा, आणि त्या शाळेचं नूतनीकरण लतिकाच्या आर्किटेक्ट ऑफिसकडे. जुनी इमारत राखायची, मागे लाकडाची नवी इमारत जोडायची, आणि पहिल्या मजल्यावरच्या आठ नि नऊ नंबरच्या वर्गांमधली भिंत कापून एक मोठं मोकळं दालन करायचं. मुलांनी रांगेत न बसता गटागटाने शिकायचं, अशी सगळी नवी कल्पना. भिंत पुढच्या सोमवारी कापायची होती. तिच्यावरच्या जुन्या लाकडी फळ्या उतरवल्या तेव्हा मागच्या पोकळीत एक हजेरीपट सापडला. साल १९१२, हिवाळा, तिसरीचा वर्ग, एकतीस मुलं. अभिलेखागारातली बाई सोमवारीच येऊन तो नेणार होती. तोवर तो लतिकाच्या ताब्यात.

आणि लतिकाने काय करावं? तर सासऱ्यांना तो दाखवायला साइटवर नेलं. चांगल्या मनाने नेलं हो. बायको, वासंतीबाई, गेल्यापासून दीनानाथ मुलाकडे इथेच होते, आणि दोन वर्षांत त्यांचं बोलणं 'चहा झाला का' आणि 'आज ऊन आहे' एवढ्यावर आलं होतं. कऱ्हाडजवळच्या शाळेत चौतीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. जुना पट बघून माणूस जरा खुलेल, एवढंच तिच्या मनात. लेकीची, ऊर्जाची, शाळा सुटली होती, तीही आली. तिचा तिसरीचा वर्ग सध्या मैदानातल्या कंटेनरमध्ये भरायचा.

दीनानाथ खुलले. नको तेवढे खुलले. लतिका खाली इलेक्ट्रिशियनशी दहा मिनिटं बोलून वर आली, तर सासरे नऊ नंबरच्या वर्गात, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पट, आणि खणखणीत आवाजात नावं पुकारतायत. ऊर्जा त्यांच्यासमोर एका पालथ्या बादलीवर बसलेली. प्रत्येक नावानंतर ते थांबत, चष्म्यावरून समोर बघत, आणि निळ्या बॉलपेनने त्या शंभरावर वर्षांच्या कागदावर 'ह' लिहीत. ह म्हणजे हजर. ती दारातून पुढे होईपर्यंत एकतिसावा 'ह'ही लिहून झाला होता.

"बाबा! अहो, काय केलंत हे? जुना दस्तऐवज आहे तो!"

"पट उघडला की हजेरी भरायचीच," दीनानाथ म्हणाले. दोन वर्षांत त्यांच्या आवाजाला एवढी धार आली नव्हती. "उघडून कोरा मिटलेला पट म्हणजे तपासणीत ठपका."

आणि एकतीसच्या खाली, स्वच्छ वळणदार देवनागरीत: ३२. ऊर्जा निहार सबनीस. वर्गात बसलेलं पोर पटावर नसणं हाही ठपकाच ना!

लतिकाने कपाळाला हात लावला. त्या दिवशी तिला फक्त अभिलेखागारातली बाई दिसत होती. एक गोष्ट तिला नंतर आठवली. तिसाव्या नावाला दीनानाथ हसले होते, आणि ऊर्जाकडे नाही, तिच्या मागे रिकाम्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले होते, "हळू रे, ओरडायला काय झालं?"

*

शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघरात वातावरण तापलेलं होतं. निहारची थोरली बहीण विभावरी आदल्या संध्याकाळी वोल्फ्सबुर्गहून आली होती, आणि विभाताई आली की घरात दोन तट पडायचेच.

"टॉन्सिल्स आहेत, विभाताई. डॉक्टरांनी बघितलंय. सगळ्या लशी झाल्यात तिच्या."

"मी कुठे काय म्हटलं?" विभावरी म्हणाली. काही न म्हणता सगळं म्हणायची तिची हातोटी होती. "तीन दिवस पोरीचा ताप उतरत नाही, आणि तू आज ग्लास फोडायला चाललीस, एवढंच दिसतंय मला."

"ग्लास मी नाही फोडत, सुतार फोडतो. आणि माझ्या इमारतीचं रिश्टफेस्ट आहे. मी नाही गेले तर कोण जाणार?"

"अगं, मी आहे ना घरी," निहार लॅपटॉपमागून म्हणाला. झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात तो गाड्यांच्या धडका तपासायचा. घरातल्या धडकांमध्ये मात्र नेहमी मधे येऊन दोन्हीकडून मार खायचा. "होमऑफिस टाकलंय. तू निर्धास्त जा."

चर्चच्या घड्याळात आठचे टोले पडू लागले. पलीकडे सोफ्यावर पांघरुणात गुरफटलेली ऊर्जा उठून बसली. पाठ ताठ. हात समोर, नसलेल्या बाकावर घडी घालून ठेवलेले. डोळे उघडे, पण भिंतीच्या पलीकडे कुठेतरी लागलेले.

"हीअर," ती म्हणाली. स्पष्ट, वर्गात हजेरीला म्हणतात तसं. मग पुन्हा आडवी झाली.

हा तिसरा दिवस होता. रोज आठ वाजता.

"नंबर बत्तीस," खुर्चीत बसलेले दीनानाथ पुटपुटले.

"काय म्हणालात बाबा?" विभावरीने वळून विचारलं.

लतिकाने तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. आता दीनानाथांनी सांगितलं, पट, नावं, बॉलपेन, सगळं, एकही गोष्ट न लपवता. विभावरीचा चेहरा बघता बघता पांढरा पडला, आणि तिने मोर्चा बापाकडे वळवला.

"बाबा, तुम्ही आपल्या पोरीचं नाव मेलेल्यांच्या पटात घातलंत?"

"मेलेल्यांचं मला ठाऊक नाही," दीनानाथ म्हणाले. "मी पुकारलं, त्यांनी ओ दिली. ओ दिलेल्या पोराला गैरहजर कसं मांडायचं?"

"बाबा, प्लीज!" निहार ओरडला. "आजारी पोरीसमोर असलं काही बोलू नका!"

"आई," सोफ्यावरून ऊर्जाने हाक मारली. ती नेहमीसारखी जर्मनमध्येच बोलत होती, पण आवाज घोगरा होता. "खाली अंगणात त्यांच्या आया उभ्या आहेत. त्यांना वर येऊ देत नाहीत. थंडी आहे ना, म्हणून त्या पाय आपटतायत."

लतिका खिडकीशी गेली. खाली अंगण नव्हतंच. पार्किंग होतं, धुकं होतं आणि निहारची गाडी होती.

"कोणाच्या आया, बाळा?"

पण ऊर्जाने डोळे मिटले होते.

*

दुपारी एक वाजता रिश्टफेस्ट होतं. छपराचा सांगाडा चढला की सुतार त्याच्या टोकाला हिरवं तोरण बांधतात, मुख्य सुतार वर उभा राहून इमारतीचं भलं चिंततो, घोटभर दारू पितो आणि ग्लास खाली फेकून फोडतो. ग्लासचे तुकडे व्हायला हवेत, तरच घर लाभतं, अशी इकडे समजूत. हसत हसत सगळे पाळतात, पण पाळतात.

दीनानाथ येणारच म्हणाले. मग विभावरीही आली, बापावर लक्ष ठेवायला. धुकं इतकं होतं की छपरावरचे मुख्य सुतार हेर ब्रॉयनिंगर कमरेपासून वरच तेवढे दिसत होते. त्यांनी म्हणायचं ते म्हटलं, प्यायचं ते प्यायलं आणि ग्लास फेकला.

ग्लास दोन मजल्यांवरून दगडी फरशीवर पडला. टणकन आवाज झाला, तो एकदा उसळला, आणि गोल गोल घरंगळत जुन्या इमारतीच्या पायरीशी जाऊन थांबला. तडासुद्धा गेला नव्हता.

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मग महापौर मोठ्याने हसले, दुसरा ग्लास वर पाठवला गेला, तो फुटला, आणि लोक घाईघाईने सॉसेजच्या टेबलाकडे वळले.

"नऊ नंबरला आवडलेलं दिसत नाही," लतिकाच्या शेजारी उभे असलेले शाळेचे हाउसमाइस्टर हेर क्नोल म्हणाले. शाळेच्या किल्ल्या, नळ, दिवे सगळं एकतीस वर्षं यांच्याच हातात होतं.

"म्हणजे?"

"तो वर्ग कधी तापलाच नाही हो, फ्राउ सबनीस. हीटर बदलले, खिडक्या बदलल्या. मुलं कोट घालून बसायची." क्नोल आवाज खाली करून सांगू लागले. "माझी आजी या शाळेत होती, पहिलीत. तिसरीच्या वर्गात घटसर्प निघाला. एक मूल बाकावरच कोसळलं. मग बाकीच्यांना घरी सोडलंच नाही. तिथेच खाटा टाकल्या आणि दाराला कुलूप. आया रोज इथे अंगणात येऊन उभ्या राहायच्या. वर येऊ देत नव्हते त्यांना. हिवाळा होता, आजी सांगायची, त्या नुसत्या पाय आपटत उभ्या असायच्या."

लतिकाच्या हातातली कागदी प्लेट खाली पडली.

"आणि मुलं?" तिने विचारलं.

"हो ना... पट तर तुमच्याकडेच आहे. शेवटची पानं बघितली नाहीत?"

नव्हती बघितली. तिला बॉलपेनच्या डागांशिवाय काही सुचलंच नव्हतं. ती जवळजवळ पळतच साइटच्या कंटेनरशी गेली, कपाट उघडलं, आणि दीनानाथ नि विभावरी मागे येऊन उभे राहिले तेव्हा तिने ती पानं उलटली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकतीस रेघा, एकेका मुलापुढे एकेक. मग एकोणतीस. मग चोवीस. रकान्यामागून रकाना, रेघा गळत गेल्या होत्या. सोळा. नऊ. दोन. मग नुसतं कोरं.

त्या कोऱ्यात मंगळवारचे दीनानाथांचे निळे 'ह'. आणि त्यांच्या पुढे आणखी तीन रकाने भरलेले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. पेन्सिलीने, वाकडेतिकडे, अक्षर ठाऊक नसलेल्या मुलाने समोर बघून बघून चितारावं तसे 'ह'.

"बाबा, हे तुम्ही..."

"कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते ना, लतिका?" दीनानाथ म्हणाले.

तिच्याकडेच असते. गळ्यात.

विभावरीने तिचा दंड घट्ट पकडला. सकाळपासून पहिल्यांदाच त्या पकडीत राग नव्हता. "खोडून टाक तिचं नाव. आत्ताच्या आत्ता. फाड ते पान!"

"खाडाखोड केलेला पट कोणी मानत नाही," दीनानाथ म्हणाले. "आणि पान फाडलं तर कोण होतं, कोण नव्हतं, काहीच राहणार नाही. पटावरून नाव कमी करायचा एकच रस्ता असतो. शाळा सोडल्याचा दाखला. चल वर."

चाळीस माणसांना कामाला लावणारी, विटेवर वीट का ठेवली याचा जाब विचारणारी लतिका पट उचलून सासऱ्यांच्या मागून जिना चढली.

*

नऊ नंबरमध्ये दोन लाकडी घोड्यांवर फळी टाकून सुतारांनी टेबल केलं होतं. दीनानाथ त्याच्यामागे बादलीवर बसले. लतिकाने रद्द झालेल्या नकाशांचे पाठकोरे कागद दिले. दीनानाथांनी मथळा लिहिला, रजिस्टर क्रमांक बत्तीस लिहिला, आणि नाव लिहायला घेतलं तर पेन उठेना. कागदावर नुसता ओरखडा. त्यांनी बाजूला रेघ मारून पाहिली, झकास उमटली. पुन्हा 'ऊ' काढायला घेतला, पुन्हा कोरडं.

"रांग मोडायला देत नाहीत," दीनानाथ म्हणाले. "बरोबरच आहे. आधी एकतीस जण आहेत."

"बाबा, नात आहे ती तुमची!" लतिकाचा आवाज चिरकला.

"म्हणून तर आधी तिचाच घेतला होता." त्यांनी नवा कागद ओढला. "विभा, रेघा मारून दे. लतिका, दार उघडं ठेव. एमिल हाउग, पुढे ये."

विभावरी एवढी कॉम्प्युटरवाली बाई, पण तिने कोपऱ्यातला सुतारी लेव्हल उचलला आणि त्याची पट्टी करून रेघा मारू लागली. दीनानाथ समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, साधारण टेबलाच्या उंचीवर.

"आईचं नाव?"

थांबले. मान डोलावली. लिहिलं: काथारीना. लतिकाने पट ओढून एमिलची ओळ शोधली. पटात फक्त बापांची नावं होती. आणि दीनानाथांना दोन वर्षांत 'गुटन टाग' आणि 'डांकं' यापलीकडे जर्मन आलं नव्हतं.

"पत्ता?" लिहिला. "वर्तणूक, चांगली. ते मी लिहितो, ते विचारत नाहीत. शाळा सोडण्याचं कारण?"

या वेळी ते बराच वेळ थांबले. खालून रिश्टफेस्टचा बँड ऐकू येत होता. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

"काय म्हणतो?" विभावरीने कुजबुजत विचारलं.

"म्हणतो, कोणी न्यायलाच आलं नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"मग अडलं," दीनानाथ म्हणाले. "तिसरीतलं पोर पालकाशिवाय सोडता येत नाही. पालकाचा अर्ज पाहिजे, खाली सही पाहिजे. आणि न्यायला येणारं माणूस पाहिजे."

तेवढ्यात लतिकाचा फोन वाजला. निहार होता, आणि त्याचा आवाज तिने लग्नानंतरच्या सोळा वर्षांत असा कधी ऐकला नव्हता.

"लतिका, चाळीसच्या वर गेलाय. आणि श्वास घेताना घशातून आवाज येतोय. मी इमर्जन्सीला फोन केलाय, डॉक्टर निघालेत. तू ये. प्लीज, लगेच ये."

घर चार गल्ल्या पलीकडे होतं. धावत गेली तर सहा मिनिटं. तिचं सगळं अंग दाराकडे ओढलं गेलं. आई आहे ती, दुसरं काय होणार? विभावरी म्हणाली, "तू जा. मी करते सह्या."

"तुझी नाही चालणार," दीनानाथ म्हणाले. त्यांनाही ते म्हणवत नव्हतं. "आया उभ्या होत्या ना खाली? आईच पाहिजे."

लतिका दारात उभी राहिली. घरी गेली तर ती ऊर्जाचा हात धरून बसेल, आणि हात धरून बसण्याने काही होणार नाही, हे तिला आतून कळत होतं. इथे थांबली आणि हे सगळं खुळ असलं, तर? तर ती स्वतःला जन्मभर माफ करणार नव्हती. तिने फोन तोंडाशी नेला. "निहार, डॉक्टर येईपर्यंत तिला बसती धर. मी तिलाच आणायला थांबलेय. विचारू नकोस." आणि त्याने काही विचारायच्या आत फोन बंद केला.

ती टेबलाशी आली. पेन घेतलं. विभावरीने तिचं मनगट धरलं.

"लतिका, पालक म्हणून सही करशील तर ती तुझ्या मागे येतील."

"येऊ देत."

"एकतीस आहेत गं."

"मला बत्तिसावी हवी आहे, विभाताई. मधे एकतीस असतील तर एकतीस."

आणि तिने सही केली. दीनानाथांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं: आई न्यायला आली. मग दारातून काहीतरी गार, लतिकाच्या कमरेच्या उंचीचं, तिला घासून बाहेर गेलं, आणि जिन्याशी जाऊन थांबलं.

"फ्रीडा श्टेंगेल," दीनानाथांनी पुकारलं. "पुढे ये."

दोन तास चाललं. खाली बँड थांबला, लोक पांगले, टेबलं मिटल्याचे आवाज आले. आईचं नाव, पत्ता, सही. विभावरी आता विचारत नव्हती. रडत होती आणि रेघा मारत होती. पाचव्या दाखल्याला निहारचा मेसेज आला की डॉक्टर आलेत. सव्विसाव्याला आला की श्वास जरा मोकळा झालाय, डॉक्टर म्हणतात हलवायला नको. लतिका वाचायची, पुढची सही करायची. पाठीमागे पॅसेज गच्च भरत चालला होता. तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

"ऊर्जा निहार सबनीस," दीनानाथ म्हणाले, आणि पेन झरझर उठलं. "आईचं नाव, लतिका. वर्तणूक..." त्यांना हुंदका आला. "वर्तणूक उत्तम. कारण?"

"आई न्यायला आली," लतिका म्हणाली. मोठ्याने. पॅसेजमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

*

"प्रत्येकाला दारापर्यंत सोडायचं," दीनानाथांनी तिला बजावलं. ते इतके थकले होते की विभावरीला त्यांना धरून गाडीत बसवावं लागलं. "मधे घाईने धावायचं नाही. लहान आहेत."

साडेचार वाजत आले होते, आणि नोव्हेंबरातला उजेड संपत आला होता. लतिका दाखल्यांचा गठ्ठा छातीशी धरून शाळेच्या फाटकातून बाहेर पडली. मागे पावलं वाजत होती. खूप पावलं, लहान, खिळे मारलेल्या जुन्या बुटांची. समोरून कुत्रं घेऊन एक बाई आली. कुत्रं शेपूट घालून भिंतीला चिकटलं आणि बाईने उगीचच रस्ता ओलांडला.

चर्चच्या चौकात लतिका थांबली आणि पहिला पत्ता वाचला. जुनं लाकडी पट्ट्यांचं घर, खाली आता चष्म्यांचं दुकान. "एमिल," ती हळूच म्हणाली. मागच्या पावलांमधली दोन पुढे गेली, दाराशी थांबली, आणि मग ऐकू येईनाशी झाली. दुकानातली दिवेलागण झाली. तिला वाटलं, आपण आता रडणार. पण वेळ नव्हता, तीस राहिले होते.

मिलगासे, ओबेरं श्ट्रास, नदीकडची उतरण. कुठे घर तेच होतं, कुठे दार बदललेलं, कुठे वर डॉक्टरचा दवाखाना. ती नाव घ्यायची, थांबायची, पावलं कमी व्हायची. फ्रीडाला आपलं घर लांबूनच ओळखू आलं असावं, ती धावत सुटली, आणि लतिकाच्या तोंडून निघून गेलं, "अगं हळू, पडशील!" थंडीने तिची बोटं बधिर झाली होती. घरची ओढ इतकी होती की प्रत्येक दाराशी थांबणं म्हणजे शिक्षा होती, पण तिने एकही दार चुकवलं नाही. कोणाची तरी आई पाय आपटत उभी होती ना इथे.

शेवटचा दाखला होता पाउलीने क्युब्लरचा. गेर्बरगासे, सात. लतिकाने फोनवर नकाशा बघितला, पुन्हा बघितला. ती गल्ली आता नव्हतीच. तिथे सुपरमार्केटचं पार्किंग होतं. ट्रॉल्यांच्या रांगेशी ती उभी राहिली, आणि तिच्या मागे एकच पावलांची जोडी, जराशी अस्वस्थ, या पायावरून त्या पायावर होत राहिली.

"इथेच होतं गं," लतिका म्हणाली. आपण मराठीत बोलतोय हे तिला कळलंही नाही. "इथेच कुठेतरी होतं."

पावलं हलली नाहीत. कुठे जाणार होती? एक माणूस ट्रॉली ढकलत आला, पिशव्या गाडीत टाकल्या, निघून गेला. लतिका आणखी दहा मिनिटं थांबली. मग फोन वाजला.

"उठली!" निहार रडत होता, हसत होता. "ताप उतरला. एकदम उतरला, डॉक्टर म्हणाले असं बघितलं नाही कधी. भूक लागली म्हणतेय. कुठे आहेस तू?"

"आलेच," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आलोच."

दुसऱ्या मजल्यावरचं घर. तिने बेल वाजवली नाही, किल्लीने दार उघडलं. आत वरणाचा वास होता. विभावरी दीनानाथांना पाणी देत होती, आणि सोफ्यावर ऊर्जा बसली होती, मांडीवर ताट, गाल पुन्हा गालांसारखे, हनुवटीला भात लागलेला. लतिका धावत आत जाऊन तिला पोटाशी धरणार होती. जिवाच्या आकांताने तेवढंच हवं होतं तिला. पण ती उंबऱ्यात थांबली, दार हाताने उघडं धरून.

"अगं, ये ना आत," निहार म्हणाला. "थंडी येतेय. काय झालं? दार का धरून उभी आहेस?"

लतिकाने जिन्याच्या अंधाराकडे मान वळवली.

"बूट बाहेर काढ, बाळा," ती म्हणाली, "आणि ये."

दीनानाथांनी मान खाली घातली. विभावरीचा ग्लास हातातच राहिला. निहार एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. ऊर्जाने मात्र घास गिळला, ताट उचललं, आणि सोफ्यावर सरकून शेजारी जागा केली.